उशीचा पूर्वपक्ष

आमच्या दिवाणखान्यात दुपारी तीन ते पाच या वेळात कोणी ना कोणी निद्रिस्त असते, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. पुढे जे काही घडले ते बव्हंशी कुजबुजत्या स्वरात घडले आहे, आणि वाचकांनी ते त्याच स्वरात वाचावे अशी नम्र विनंती आहे.

माझी सहधर्मचारिणी उशा विकते. तिचे दुकान नाही, फलक नाही, गल्ला नाही. एक कंपनी उशा बनवते आणि माझ्या पत्नीसारख्या शेकडो व्यक्ती त्या आपापल्या घरून विकतात. तिच्याकडे 'स्वतंत्र विक्रेता' अशी अक्षरे छापलेले एक निळे कार्ड आहे. गिऱ्हाइकाला घरी बोलवावे, पडदे ओढावेत, त्याला दिवाणावर आडवे करून डोक्याखाली उशी द्यावी आणि आपण शेजारच्या खुर्चीत वीस मिनिटे एक शब्द न बोलता बसावे, ही विक्रीची रीत कंपनीने शिकवलेली नाही; ती तिची स्वतःची. अकरा वर्षे हा क्रम अखंड चालला आहे. मी चौतीस वर्षे संस्कृतचे अध्यापन केले. माझ्याही समोर असंख्य लोक झोपले; परंतु त्याबद्दल मला कोणी कार्ड दिले नाही.

त्या दुपारच्या दोन घटका मला फार प्रिय आहेत. पडद्यांतून गाळून आलेला प्रकाश फरशीवर मधासारखा पसरतो, पंखा आपल्याच तंद्रीत फिरतो, आणि एखाद्या अनोळखी गृहस्थाचा श्वास भरती-ओहोटीसारखा खोलीभर येत-जात राहतो. अशा वेळी ग्रंथ मांडीवर घेऊन बसावे, तर अक्षरे आपोआप एकमेकांच्या खांद्यावर मान टाकतात.

या शांततेत वर्तमानपत्राने खडा टाकला. अशा स्वतंत्र विक्रेत्यांसाठी शासन एक नियमावली आणू पाहत होते. आपल्या हाताखाली नवा विक्रेता नेमण्यापूर्वी प्रत्येकाने त्याला एक लेखी प्रकटन-पत्र द्यावे, व्यवसायातील खरे-खोटे त्यात उघड करावे, आणि त्यानंतर सात दिवस त्याला विचार करू द्यावा. त्याआधी सही घेऊ नये. मी ते वाचून सद्गदित झालो. सत्यकथनाला शासनाने वेळापत्रक लावून दिले, याहून अधिक ते काय हवे!

"आनंद नंतर करा," पत्नी म्हणाली. "खालच्या शिवणताई म्हणतायत, तो कागद असेल तरच सही करीन."

शिवणताई म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या, कपड्यांच्या दुकानासाठी घरीच शिलाई करणाऱ्या बाई. त्यांचे धाकटे दीर दोन वर्षे कायदा शिकून थांबलेले असल्यामुळे इमारतीत अर्धे वकील म्हणून ओळखले जातात. त्यांनीच वहिनीच्या कानात तो नियम घातला होता.

"अगं, पण नियम अजून संमत व्हायचा आहे."

"ते मला कळतं. पण तिला भरवसा हवाय ना! आणि माझ्याकडे दिवस किती राहिलेत? पुढच्या शनिवारी पाचच्या आत तिचा अर्ज कुरियरला पडला नाही, तर माझं कार्ड गेलं."

हे मात्र खरे होते. गेली आठ वर्षे कंपनीचा दंडक असा की, वर्षभरात प्रत्येक विक्रेत्याने एक तरी नवा विक्रेता आणावा, अन्यथा कार्ड रद्द. तिची अकरा वर्षे एका शनिवारच्या दोरीला टांगलेली होती. शनिवारातून सात दिवस वजा केले, तर प्रकटन-पत्र येत्या शनिवारीच शिवणताईंच्या हाती पडायला हवे होते.

"एक पान लिहून द्या, बास," ती म्हणाली. "तुम्हाला काय, लिहायची सवय आहे."

हे वाक्य तिने उच्चारायला नको होते.

दुसऱ्या दिवशी मी संबंधित कचेरीत गेलो. खिडकीमागच्या लेखनिकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"प्रकटन-पत्राचा अधिकृत नमुना हवा होता," मी म्हणालो.

"नियम झालाच नाहीये अजून, आजोबा."

"परंतु होणार आहे."

"होईल तेव्हा या. सध्या फक्त हरकती घेतो."

"माझा तर या नियमाला मनःपूर्वक पाठिंबा आहे."

"पाठिंब्याची वही नाहीये. मसुदा बघायचा असेल तर हरकतीच्या वहीत नाव घालावं लागतं. नाव, पत्ता, सही. इथे."

"पण मी विरोधक नाही हो!"

"मी कुठे म्हणतोय तसं? वही म्हणतेय."

मागे रांग होती. रांगेतल्या एका बाईंनी "आजोबा, सही करा आणि सुटा" असा व्यवहार्य उपदेशही केला. मी विरोधक क्रमांक दोनशे चौदा म्हणून स्वाक्षरी केली आणि मसुदा घेऊन, किंचित कलंकित अवस्थेत, घरी परतलो.

मसुद्यात पाच कलमे होती. विक्रेत्याचा परिचय, त्याच्यावरील खटले, कमाईविषयी काही दावा केला असल्यास त्याचा आधार, त्याने आणलेल्यांपैकी किती जण व्यवसाय सोडून गेले, आणि सर्वांत जवळच्या दहा गिऱ्हाइकांची नावे व पत्ते. पहिली तीन कलमे पत्नीने भाजी निवडता निवडता सोडवली. "मी आहे ती आहे. कोर्ट कधी पाहिलं नाही. आणि दावा कसला? पोरींना एवढंच सांगते, की फिरावं लागतं."

अनर्थ झाला तो पाचव्या कलमाने. सर्वांत जवळची दहा गिऱ्हाइके! ही वार्ता इमारतीत कशी पसरली ते ठाऊक नाही, परंतु सायंकाळी वरच्या मजल्यावरचे बँकवाले मोजपट्टी घेऊन आले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले, तरी बँक त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेली नाही.

"शास्त्रीबुवा, तुम्ही मला अकरावा धरलंत म्हणे?"

"आपण तिसऱ्या मजल्यावर राहता."

"जिन्याने तिसऱ्या! सरळ वर बघा ना. तुमच्या दिवाणाच्या बरोब्बर डोक्यावर माझा पलंग आहे. साडेनऊ फूट. समोरच्या काकूंचं दार चौदा फूट भरतं, मी आत्ताच मोजलं."

समोरच्या काकूंना मात्र यादीत यायचेच नव्हते. त्या पदराआडून म्हणाल्या, "माझं नाव काढा हो. मला झोप येत नाही हे सूनबाईला कळता कामा नये."

"का बरं?"

"मी दुपारी गाढ झोपते असं समजून ती फोनवर मोकळेपणी बोलते. घरात काय चाललंय ते मला दुसऱ्या कुठून कळणार?"

अशा रीतीने ज्यांना यावयाचे होते ते दूर ठरले आणि जे समीप होते ते लपू लागले. तीन दिवस मी भूमितीत घालवले. शेवटी पत्नीने यादी माझ्या हातून घेऊन 'दार वाजवा, कोणीही सांगेल' असे लिहिले आणि कलम निकालात काढले.

आता राहिले मुख्य लेखन. येथे माझ्या हातून जे झाले त्यास अपराध म्हणावे की संस्कार, याचा निर्णय मी अद्याप करू शकलेलो नाही. शास्त्रग्रंथांची रीत अशी की, आपले मत मांडण्यापूर्वी विरोधकाचे मत मांडावे. आणि तेही असे मांडावे की स्वतः विरोधकाने हात जोडावेत. तो पूर्वपक्ष. मग त्याचे खंडन करून सिद्धान्त स्थापावा. ज्याचा पूर्वपक्ष दुबळा त्याचा सिद्धान्त पोकळ, असे मी चौतीस वर्षे शिकवत आलो. तेव्हा उशीविरुद्ध जे जे बोलता येईल ते सर्व प्रथम बोलणे मला क्रमप्राप्तच होते.

मी लिहिले : 'निद्रा हा देहाचा स्वभाव आहे. श्रांत मनुष्य दगडावरही निजतो; चिंताग्रस्त मनुष्य पिसांच्या राशीवरही जागा राहतो. उशी असता निद्रा नसते आणि उशी नसता निद्रा असते, असे नित्य दृष्टीस पडते. म्हणून उशी हे निद्रेचे कारण नव्हे. जे कारण नव्हे ते विकणे व्यर्थ, विकत घेणे व्यर्थतर, आणि ते विकण्यासाठी इतरांस प्रवृत्त करणे व्यर्थतम होय.' लेखणीला असा ओघ निवृत्तीनंतर प्रथमच आला होता. चौथ्या कलमाखाली मी लिहिले : 'विक्रेतीने आजवर आठ जणी या व्यवसायात आणल्या. सात सोडून गेल्या. त्या का गेल्या, हे विक्रेतीस ठाऊक नसावे; असते, तर तिने आठवी आणली नसती.' हे वाक्य मी दोनदा मोठ्याने वाचले. इतके घोटीव वाक्य वर्षानुवर्षांत जमले नव्हते.

शनिवारी दुपारपर्यंत पूर्वपक्षाची अकरा पाने झाली. सिद्धान्ताचा मथळा लिहून मी क्षणभर डोळे मिटले. दिवाणावर त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हते. केवळ विषयाशी तादात्म्य पावावे या शुद्ध हेतूने मी उशीवर डोके टेकले.

मला एक विशाल सभा दिसली. पांढरीशुभ्र वस्त्रे परिधान केलेल्या उशा रांगारांगांनी बसल्या होत्या आणि छताच्या जागी दुपारचे आकाश मंद गतीने वाहत होते. अग्रभागी बसलेल्या एका वृद्ध, मध्यभागी खोलगट झालेल्या उशीने मला विचारले, "आम्ही कशाला आहोत?" मी उत्तर दिले. एकाच वाक्यात. ते वाक्य असे स्वच्छ, असे निःशेष होते की सर्व उशांनी माना डोलावल्या आणि सभेतून मऊ, कापसाळ असा जयघोष उठला. त्या वाक्यातच माझा सिद्धान्त होता.

जागा झालो तेव्हा वाक्य गेले होते. मेजावरची पानेही गेली होती.

"शिवणताई आल्या होत्या," पत्नी म्हणाली. "दिला त्यांना कागद. एवढा जाडजूड कशाला लिहिलात हो?"

"अगं, तो अपूर्ण होता! तो केवळ पूर्वपक्ष होता!"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यात फक्त उशीविरुद्धचे लिहिले आहे."

"विरुद्धचं? अकरा पानं?"

मी तत्काळ खाली गेलो; परंतु अर्ध्या वकिलांनी दारातच मला अडवले. "आता दिलेलं प्रकटन मागे घेता येत नाही, शास्त्रीबुवा. मसुदाच तसं म्हणतो. आणि लिहिलंय मात्र झकास. मी प्रती काढल्यात."

सोमवारपर्यंत इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाने पूर्वपक्ष वाचला. बँकवाले लाल डोळ्यांनी आले.

"अकरा वर्षं मी ढाराढूर झोपत होतो. काल तुमचं वाचलं आणि पडल्या पडल्या मनात आलं, मी झोपतोय तो उशीमुळे की आपला आपण? हा विचार करता करता उजाडलं हो!"

"उशी परत करावयाची आहे का?"

"छे छे. उत्तराचा भाग तेवढा द्या. म्हणजे झोपतो."

समोरच्या काकूंचीही तीच तक्रार. त्यांना आता झोपेचे सोंगही धड वठेना. 'सिद्धान्त कधी?' हा प्रश्न मला जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, भाजीवाल्याच्या गाडीपाशी ऐकू येऊ लागला. माझ्या कोणत्याही लेखनाची इतकी माणसे वाट पाहत आहेत, हा अनुभव मला नवा होता आणि मुळीच सुखद नव्हता. मी रोज लिहायला बसे आणि रोज पूर्वपक्ष मला जिंकी. माझेच युक्तिवाद माझ्याकडे पाहून छद्मी हसत. त्यातच टपालाने शासनाचे पत्र आले. प्रस्तावित नियमावलीला मी केलेल्या प्रखर विरोधाची नोंद घेतल्याचे कळवून त्यांनी माझे आभार मानले होते.

सोमवारी पत्नीने ती पाने उसनी आणून खिडकीत बसून वाचली. मंगळवारी चहा आला. चहासोबत एरवी येणारे शब्द आले नाहीत. बुधवारी दुपारी दिवाण रिकामाच होता. ती नेहमीच्या खुर्चीत, नेहमीसारखी गप्प बसली होती. प्रकाश फरशीवरून हळूहळू सरकत तिच्या पायांपर्यंत आला. मग ती म्हणाली,

"ठाऊक आहे मला."

"काय?"

"त्या सात जणी का गेल्या ते. तुम्ही लिहिलंत, हिला ठाऊक नसावं. विचारलंत का एकदा तरी?"

मी ग्रंथ मिटला.

"पहिलीला नोकरी लागली. दुसरीचे सासरे अंथरुणाला खिळले. तिसरी फार चांगली होती. पण तिला दारावरची घंटाच वाजवता यायची नाही. लोकांच्या जिन्यात उभी राहायची आणि परत यायची. चौथी-पाचवी बहिणी होत्या, त्या आपसात भांडल्या. सहावी गाव सोडून गेली. अजून पत्र पाठवते." तिने पाय उन्हातून मागे घेतले. "सातवीला मी खोटं बोलले."

"खोटं?"

"म्हटलं, सोपं आहे गं, सहज जमेल. मला त्या वर्षी कार्ड टिकवायचं होतं. तिला नाही जमलं. इथेच, या दिवाणावर बसून रडली. तुम्ही आत वाचत होतात."

पंखा फिरत राहिला. चौतीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की प्रमाणावाचून विधान करू नये. आणि तीन पावलांवर बसलेल्या प्रमाणाला मी एक प्रश्न विचारला नव्हता.

"हे लिहा," ती म्हणाली.

"पूर्वपक्षात लिहू की उत्तरात?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण सातवीचं आधी लिहा."

मी तिच्या शब्दांत, एकही विशेषण न जोडता, ते एका कागदावर उतरवले आणि स्वतः खाली नेऊन दिले. शिवणताईंनी मशीन थांबवून वाचले. मशीन पुन्हा सुरू झाले.

शनिवारी पावणेचारला त्या वर आल्या. मेजावर अर्ज आणि पेन मांडून ठेवले होते. कुरियरची कचेरी कोपऱ्यावर, पाच मिनिटांच्या अंतरावर.

"काकू, सही करते," त्या म्हणाल्या. "पण आधी जरा पडू का? आठवडाभर धड झोप नाही. यांचं ते वाचल्यापासून डोकं नुसतं भणभणतंय."

पत्नीने पडदे ओढले. शिवणताई आडव्या झाल्या आणि दुसऱ्या श्वासाला झोपल्या. अशी झोप मी त्या दिवाणावर कधी पाहिली नव्हती. सुईने टोचलेली त्यांची बोटे हळूहळू उघडली. चेहऱ्यावरून साऱ्या आठवड्याचे काम उतरून गेले. डोके तर उशीवरून घसरून दिवाणाच्या लाकडी कडेवर गेले होते.

चार वाजून वीस मिनिटे झाली. मी घड्याळाकडे खूण केली. पत्नीने मान हलवली. साडेचार झाले. मी कुजबुजलो, "वीस मिनिटे केव्हाच झाली."

"दिसतंय मला."

"अगं, सही!"

"शू."

"फक्त खांद्याला हात लाव. सही करून पुन्हा निजू देत."

"अर्धवट झोपेत सही घेऊ? सातवीची घेतली तशी?"

पावणेपाचला तिचा फोन मेजावर थरथरला. कंपनीचा माणूस होता. तिने हातात घेऊन अगदी हळू म्हटले, "गिऱ्हाईक झोपलंय, नंतर बोलते," आणि फोन उशीच्या खोळीत गुंडाळून ठेवला. मग आम्ही दोघे बसून राहिलो. मधासारखा प्रकाश भिंतीवर चढला, तांबूस झाला. कोपऱ्यावरून कचेरीचे लोखंडी शटर खाली ओढल्याचा आवाज इतका दुरून आला, की जणू तो कोणा दुसऱ्याच्या आयुष्यात वाजला. अकरा वर्षे गेली, आणि ती जाताना कोणाची झोप मोडली नाही.

शिवणताई सहाला उठल्या, घड्याळ पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "उठवायचं नाही का हो, काकू!"

"चहा घेतेस?" पत्नी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शिवणताईंनी परस्पर कंपनीच्या कचेरीत जाऊन स्वतःचे नाव नोंदवले. तेथे त्यांना कळले की, रद्द झालेल्या विक्रेत्याला परत यायचे असेल, तर कोणा चालू विक्रेत्याच्या हाताखाली, अगदी नवखा म्हणून यावे लागते. तेव्हा त्या एका रविवारी, दिरांना मागे उभे करून, आमच्या दारात आल्या. हातात त्यांनी स्वतः लिहिलेला कागद होता.

"काकू, हे माझं प्रकटन. नियमाप्रमाणे."

पत्नीने तो मोठ्याने वाचला : 'मी शिवणकाम करते. कोर्टात गेले नाही, दीर गेले होते पण परत आले. किती मिळेल ते माहीत नाही. माझ्याकडून अजून कोणी सोडून गेलेलं नाही, कारण कोणी आलेलंच नाही. जवळची गिऱ्हाइकं सगळी तुमचीच आहेत. उशीने झोप येते का ते ठाऊक नाही. मी उशीवर नव्हते, तरी झोपले. सात दिवस विचार करा.'

अकरा पानांच्या लेखकाने यावर काही बोलणे शोभले नसते.

"अकरा वर्षांपूर्वी मला उभ्या उभ्या सही करायला लावली होती," पत्नी म्हणाली. "विचार कर, असं कोणी म्हणालंच नव्हतं." तिने कागदाची नीट घडी घातली. "आता करते विचार."

आणि ती खरोखरच विचार करू लागली. बँकवाल्यांनी येऊन सांगितले, की पुन्हा विक्रेती व्हा. समोरच्या काकूंनी सांगितले, की आता पुरे. तिने दोघांनाही चहा दिला. दुपारी पडदे उघडे असतात. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगतात आणि बसतात, ढग एकेक करून निघून जातात, आणि तिला कोठेही जायचे नसते. लग्नाला इतकी वर्षे झाली. परंतु निवांत बसलेल्या या स्त्रीची आणि माझी ओळख नव्हती.

चौथ्या दिवशी मला राहवेना. मी विचारले, "मग? काय ठरले?"

तिने चादरींवरची नजर काढली नाही.

"अजून तीन दिवस आहेत," ती म्हणाली.